शेवटची कधी गेली होतीस?

गेल्या वर्षी ऑक्टोबरात, एका सोमवारी सकाळी साकीनाक्याला मेट्रोतून उतरत होते, तेव्हा फोनवर मेसेज आला. मुलगी अनोळखी.

"ताई, नाणेघाट ते भीमाशंकरचा तुमचा ट्रॅक वापरला. तिसऱ्या दिवशी तो जिथे जातो तिथे वाटच नाहीये. दरड आली आहे. आम्ही पाच जणांनी रात्र कड्याजवळ बसून काढली. एकीचा पाय मुरगळला, बाकी सगळे ठीक. तक्रार नाही. फक्त सांगतेय, म्हणजे अजून कोणी अडकायला नको."

'तक्रार नाही' हे दोन शब्द जास्त लागले. ऑफिसात पोहोचले, मीटिंगमध्ये काल काय केलं आणि आज काय करणार ते सांगितलं, आणि दिवसभर डोळ्यांसमोर तो कडा होता.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात मी ती वाट तीन मैत्रिणींबरोबर चालले होते. नाणेघाट, जीवधन, ढाकोबा, दुर्ग, आहुपे आणि शेवटी भीमाशंकर. चार दिवस सह्याद्रीच्या धारेला धरून, उजव्या हाताला सरळ खाली कोकण. घड्याळाने सगळी चाल नोंदवली. परत आल्यावर मुलुंडला घरी बसून मी ती फाईल साफ केली, पाण्याच्या जागा टाकल्या आणि ट्रॅक सगळ्यांसाठी खुला केला. अकराशेच्या वर लोकांनी तो उतरवून घेतला होता. हा आकडा मी अधूनमधून उघडून बघायचे. ऑफिसात लिहिलेला माझा कोड कोण वापरतं ते मला कधी कळत नाही, हे मात्र कळायचं.

जीपीएक्स फाईल म्हणजे हजारो बिंदू. प्रत्येकाला अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. माझ्या फाईलमध्ये चूक नव्हती. मी खरोखर तिथून चालले होते. बिंदू आजही जागच्या जागी आहेत. त्यांच्याखालची जमीन तेवढी गेली.

संध्याकाळी बाबांना मेसेज दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "तू शेवटची कधी गेली होतीस तिथे?"

"चार वर्षं झाली."

"म्हणजे चार पावसाळे," बाबा म्हणाले.

बाबा भांडुपच्या एका कारखान्यात होते. ऐंशी-नव्वदच्या दशकात सुट्टीचा प्रत्येक दिवस त्यांनी डोंगरात घालवला. तेव्हा मुंबईच्या उपनगरांत गिर्यारोहणाचं वेड चांगलंच पसरलं होतं. गिरिविहार ही संस्था १९५४ सालची. हरीश कापडियांचं सह्याद्रीतल्या भटकंतीवरचं इंग्रजी पुस्तक १९७७ मध्ये आलं, पुढे आनंद पाळंदेंचं 'डोंगरयात्रा' आलं आणि पुष्कळांच्या पाठपिशवीत जाऊन बसलं. आमच्या मुलुंडमधल्या चक्रम हायकर्सची 'सह्यांकन' ही अनेक दिवसांची डोंगरयात्रा तर घरोघरी माहीत. बाबा अशाच एका छोट्या गटात होते. शुक्रवारी रात्री कल्याणहून एसटी, पाठीवर शिधा, आणि एकाच्या हातात ऑइल पेंटचा छोटा डबा. जिथे वाट फुटते तिथे खडकावर बाण मारायचा. किल्ल्याच्या दगडावर कधीच नाही, हा नियम.

"पण तुम्हाला वाट कळायची कशी?" मी विचारलं.

"विचारून. गावात जायचं, चहा घ्यायचा, विचारायचं. कोणीतरी वाटाड्या यायचा. एकदा त्याच्याबरोबर जायचं, मग बाण मारायचा. बाण आमचा होता गं, वाट त्यांची होती."

हे वाक्य मला तेव्हा नीट कळलं नाही. त्या आठवड्यात रोज रात्री मी वाटांबद्दल वाचत बसले. थोडं अपराधीपण होतं, थोडं कुतूहल.

जगातली बहुधा सगळ्यात प्रसिद्ध लांब पायवाट म्हणजे अमेरिकेतली ॲपलेशियन ट्रेल. १९२१ मध्ये बेंटन मकाय नावाच्या वनशास्त्र शिकलेल्या माणसाने वास्तुविशारदांच्या एका मासिकात लेख लिहून ही कल्पना मांडली. १९२५ मध्ये त्यासाठी संस्था झाली. मग मायरन एव्हरी नावाचा एक वकील पुढे आला. सायकलचं चाक ढकलत त्याने मैलन् मैल मोजून काढले. या दोघांचं पुढे डोंगरमाथ्यावरून जाणाऱ्या मोटाररस्त्यावरून इतकं बिनसलं की संबंधच तुटले. तरी १९३७ मध्ये वाट पूर्ण झाली. चौदा राज्यांतून जाणारी ही वाट आज सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची आहे. झाडांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच असा पांढरा पट्टा, हीच तिची खूण.

मी इथे थांबणार होते. वाट पूर्ण झाली, गोष्ट संपली. पण खरी गोष्ट पुढेच आहे. १९३८ मध्ये चक्रीवादळ आलं आणि पुष्कळ ठिकाणी झाडं आडवी झाली. मग महायुद्ध आलं, माणसं गेली, वाट रानात बुडाली. १९४८ मध्ये युद्धावरून परतलेला अर्ल शेफर ही वाट एका दमात चालला, तेव्हा कित्येक ठिकाणी त्याला ती शोधावी लागली. १९५१ मध्ये ती पुन्हा सलग जोडली गेली. १९६८ मध्ये तिला कायद्याचं संरक्षण मिळालं. त्यानंतरही वाट सरकत राहिली. कुठे खासगी जमीन टाळायची म्हणून, कुठे धूप झाली म्हणून. तिची अधिकृत लांबी जवळपास दरवर्षी थोडी बदलते. तीसेक क्लबांचे स्वयंसेवक दरवर्षी करवत-फावडी घेऊन जातात, पडलेली झाडं कापतात, पट्टे पुन्हा रंगवतात. शंभर वर्षं हेच चाललंय.

हे बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग त्यात नवल काय? वारी वेगळी काय आहे?"

खरंच. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली. ज्ञानेश्वरांच्या पालखीला आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावली. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. पायाखालचा रस्ता मातीचा होता, खडीचा झाला, डांबरी झाला, आता चौपदरी महामार्ग होतोय आणि त्याच्या कडेने चालणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी. रस्ता इतका बदलला तरी वारीची वाट तीच आहे असं आपण म्हणतो. कारण दरवर्षी कोणत्या गावात मुक्काम, कोणी पाणी द्यायचं, कोणी भाकरी, हे ठरलेलं आहे आणि ते करणारी माणसं आहेत. इकडे बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचं टाकं दान दिल्याचा शिलालेख आहे. आल्यागेल्याच्या पाण्याची सोय करणारा माणूस तेव्हाही होताच.

नोव्हेंबरात मी दोन दिवस रजा टाकली आणि बाबांना म्हटलं, मी जाऊन येते. ते म्हणाले, "मीही येतो. खाली गावापर्यंत तरी."

त्यांचे गुडघे गेलेत. तरी कल्याणहून माळशेजमार्गे जुन्नरची एसटी, पुढे वडाप जीप असे आम्ही पोहोचलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल. एका ओसरीवर साठीच्या पुढचे एक मामा हिरडा निवडत बसले होते. बाबांनी चहा व्हायच्या आतच विचारायला सुरुवात केली. मी फोन काढून ट्रॅक दाखवला. मामांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही वाट ना? ही आमची शाळेची वाट. पोरं इकडून पलीकडच्या वाडीत जायची. आता रस्ता झाला, पोरं जीपनी जात्यात. गुरं पण कमी झाली. मग कोण चालणार? दोन वर्षांमागं दरड आली, कोणी साफ केली नाही."

"आणि ट्रेकवाले?"

मामा हसले. "ते येत्यात की. पण विचारत नाहीत. फोनकडं बघत सरळ जात्यात. आधी शनवार-रविवारी वाटाड्या म्हणून जायचो, चार पैसे मिळायचे. आता कोण बोलवत नाही."

बाबा माझ्याकडे बघत नव्हते, हे त्यांनी माझ्यावर केलेले उपकारच. अकराशे माणसं, आणि त्यातल्या कितीजणांनी या ओसरीवर थांबून एक प्रश्न विचारला असता? विचारला असता तर मामांनी सांगितलं असतं की त्या बाजूने जाऊ नका. मी ट्रॅक टाकून लोकांना वाट दिली असं मला वाटत होतं. वाटेबद्दल ज्याला विचारायचं तो माणूस मात्र मी मधून काढून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी मामा माझ्याबरोबर निघाले. बाबाही निघाले. अर्ध्या तासाचं सपाट पठार आहे, तेवढं चालतो म्हणाले. गवत कमरेएवढं होतं, वाळायला लागलेलं. पुढे कारवी. मामा एका जागी थांबले आणि म्हणाले, इथून वर जायचं, हिरड्याची झाडं धरून. बायका हिरडा गोळा करायला वरून जातात, ती वाट अजून जिती आहे. माझ्या फोनवरची रेघ मात्र सरळ पुढे, उतारावर जात होती. तिकडे लाल मातीचा घसारा दिसत होता, मध्येच एक उन्मळलेलं झाड, आणि खाली मोकळं आभाळ. त्या पाच जणी अंधारात इथवर आल्या होत्या.

वाटेच्या फाट्यावर एक मोठा खडक आहे. बाबा त्याच्या आडोशाच्या बाजूला वाकले आणि हाताने शेवाळ खरवडू लागले. खाली विटकरी रंगाचा बाण होता. पुसट, पण ओळखू येत होता. टोक घसाऱ्याकडे.

"हा आमचा," बाबा म्हणाले. "एक्क्याण्णवची दिवाळी."

मला वाटलं आता ते फोटो काढायला सांगतील. त्यांनी खालचा एक टोकदार दगड उचलला आणि बाण घासायला लागले. ऑइल पेंट चौतीस वर्षांनीही सहज सुटत नाही. पंधरा मिनिटं लागली. मध्ये मी म्हटलं, बाबा राहू द्या, आठवण आहे. ते म्हणाले, "अगं, आठवण माझी आहे, जीव दुसऱ्याचा जाईल."

मग आम्ही तिघांनी वरच्या वाटेच्या तोंडाशी दगडांची लगोरी रचली आणि जुन्या वाटेवर आडव्या फांद्या टाकल्या. बाबा तिथूनच मागे फिरले. मामा आणि मी वरून पुढच्या वाडीपर्यंत गेलो. घड्याळ नोंदवत होतं. मधे एका जागी मामांनी पाणी दाखवलं, माझ्या चार वर्षांपूर्वीच्या नोंदीत ते नव्हतंच. आम्ही त्याच्या शेजारून, तहानलेल्या, निघून गेलो होतो.

नाणेघाटात सातवाहनांच्या काळातली दगडी फरसबंदी आजही पायाखाली येते. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे, गुहेत नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. पूर्वी ते बघून मला वाटायचं, काय बांधकाम, दोन हजार वर्षं टिकलं. आता वाटतं, त्या वाटेने कल्याण-जुन्नरचा माल शतकानुशतकं वर चढला आणि खाली उतरला, म्हणून ती टिकली. जिथे पाऊल पडायचं थांबलं, तिथे दोन पावसाळे पुरले.

घरी येऊन जुना ट्रॅक काढून टाकला. अकराशेचा आकडा त्याच्याबरोबर गेला. मनाला लागलं, खोटं कशाला बोलू. नवा टाकला, पण तो पूर्ण नाही. ज्या तुकड्यात वाट दरवर्षी बदलते तिथे मी रेघ मुद्दाम तोडली आहे. ज्या गावापाशी ती तुटते त्याचं नाव ट्रॅकमध्ये आहे, तिथे चालत पोहोचणाऱ्यांसाठी. नुसती वाचून गर्दी व्हायला नको, म्हणून या लेखात नाही. रेघ तुटते त्या जागी लिहिलं आहे: 'ही वाट नोव्हेंबरात चाललेली आहे. त्यानंतर पाऊस झाला असेल तर माझ्यावर विसंबू नका. इथे गावात थांबा, विचारा, वाटाड्या घ्या.' कोणीतरी खाली शेरा मारलाय, 'अर्धवट ट्रॅक, काही उपयोगाचा नाही.'

त्या मुलीला सगळं कळवलं. तिचं उत्तर आलं, "पुढच्या वर्षी पावसानंतर जाणार असाल तर सांगा, आम्हीही येतो. पाय बरा झालाय."

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तिला सांग, दिवाळीनंतर. आधी गवत ओलं असतं."