बेसमेंटमध्ये गुडुप!

अहो, आमच्या बेसमेंटमध्ये वाइन होतेय! रेड वाइन! खरीखुरी! इथे टोरांटोत घरी पिण्यापुरती वाइन घरीच करायला चक्क परवानगी आहे, फक्त विकायची नाही. इतकी वर्षं मला कुणी बोललं कसं नाही?

आधीच सांगते, मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण वाइन करायच्या सामानाचा खोका आणला. आत द्राक्षरसाची ही जाडजूड पिशवी! आणि चिमुकली पाकिटं! पहिल्यात काय असावं? माती! बेंटोनाइट नावाची चिकणमाती, वाइनमधला गाळ खाली बसवणारी! ती गरम पाण्यात घोटायची, आणि मग तो काळाभोर रस ओतायचा, आणि मग पाणी घालून 23 लिटर करायचे, आणि मग ओकच्या लाकडाचा चुरा टाकायचा (पिंप परवडत नाही ना, म्हणून पिंपाचा चुरा!), आणि मग वर यीस्ट भुरभुरवायचं, आणि मग झाकणात पाणी भरलेला एअरलॉक खोचायचा आणि बसायचं!

दुसऱ्या दिवशी... गुडुप! बुडबुडा! मी तिथेच जिन्यावर बसकण मारली. गुडुप! आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. एवढीशी प्लास्टिकची नळी आणि केवढी अक्कल!

आणि ती काचेची कांडी, हायड्रोमीटर! सुरुवातीला 1.090 च्या आसपास तरंगत होती, मग साखर संपेल तशी बुडत बुडत 0.996 वर! म्हणजे वाइन पाण्याहून हलकी! अल्कोहोलची कमाल! मग आत कोंडलेला वायू काढायला काय वापरतात? ड्रिल मशीन! त्याला दांडा लावून घुसळायचं! फेस बघा, फेस!

आता ती नितळतेय. नितळायला घातलेलं कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून करतात. नवरा पक्का शाकाहारी. पहिला घोट घ्यायच्या आत सांगेन, नक्की! तोवर तुम्ही गप्प!

थेंबभर चाखली. कच्च्या करवंदासारखी तुरट! सगळे म्हणतात, बाटल्यांत भरून निदान सहा महिने विसरून जा, वर्षभर थांबलात तर उत्तमच, तुरटपणा आपोआप मवाळ होतो. विसरून जा? मी? मी रात्री टॉर्च घेऊन तिचा रंग बघायला जाते!

शनिवारी बाटल्या भरायच्यात. तीस! बुचं ओली राहावीत म्हणून आडव्या ठेवायच्या, अंधारात, गारव्यात. बुटांचं कपाट मी रिकामं केलंच आहे, पण पुढचा खोकाही कालच आणून ठेवलाय. तुमच्या बेसमेंटमध्ये जागा आहे ना थोडी?