भाव सांगितल्यावर

टिपेश्वर अभयारण्याच्या सुन्ना गेटकडच्या आमच्या होमस्टेचा फोन या हंगामापासून सून घेते. मी बाजूला बसून ऐकतो आणि तिने भाव सांगितला की घालमेल माझ्या जिवाची होते. भाव सांगणं अवघड नाही. सांगून झाल्यावर गप्प राहणं अवघड. पलीकडचा नुसता 'हं' म्हणून थांबला की माझा धीर सुटायचा. त्याने मागायच्या आत 'बरं, कमी-जास्त करू' तोंडून निघून जायचं. सून थांबू शकते.

आम्ही पांढरकवड्याकडचे कापूसवाले. माल घेऊन गेलं की भाव व्यापाऱ्याने सांगायचा आणि आपण ऐकायचा. जन्मभर ज्याने भाव विचारला, त्याने स्वतःच्या खोलीचा भाव ठणकावून सांगायचा म्हणजे जीभ जड होणारच.

त्यात इथला हिशेब असा, की प्रवेशशुल्क ठरलेलं, जिप्सीचं भाडं ठरलेलं, गाइडचे पैसे ठरलेले. घासाघिशीला उरते ती आमची खोली. नागपूर-हैदराबाद महामार्गाने मोठ्या गाडीतून आलेला माणूस गेटवर मुकाट पैसे भरतो आणि आमच्या ओसरीवर येऊन विचारतो, गरम पाण्याची बादली भाड्यातच ना?

पण सगळ्यांना एका मापाने मोजता येत नाही. सवयीने भाव पाडणारा म्हणतो, 'दुसरीकडे एवढ्यात मिळतं.' ज्याची खरंच ओढाताण आहे तो आधी विचारतो, 'लेकराचे वेगळे पडतात का? डबा आणला तर चालेल?' त्याला मी न मागता कमी करतो. सुनेचं म्हणणं, पैसे कमी करायचे तर एक जेवण वगळा. ते मला पटत नाही. पैसे कमी दिले म्हणून ताटातली सोलेभाजी कमी, हे या घरात होणार नाही.

रिसॉर्टवाल्यांचा मला राग आहे. पावसाळ्यात सफारी बंद झाली की निम्म्या भावाच्या जाहिराती, आणि हंगामात 'वाघ नक्की दिसेल' ही बोली. इथला एक वाघ २०१९ मध्ये शेकडो किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला. अशा जनावराची हमी कोणी कशी देतो? एकाने भाव पाडला की शेजाऱ्याचा पडतो, मग सगळ्या गावाचा. कापसात आम्ही हे भोगलं आहे.

मला पैशापेक्षा कौतुक जास्त लागतं. भाकरीची तारीफ केली म्हणून निघताना पैसे सोडून दिले आहेत, आणि तो मोठेपणा घरात मिरवलाही आहे. सून काही बोलत नाही, वहीत मांडून ठेवते. पावसाने कापूस नेला त्या वर्षी घर तिच्या वहीवर चाललं. पाटीवर आता तिचं नाव घालू, असं मुलगा म्हणतो. घालायला हवं, हे मला कळतं. अजून मी हो म्हटलेलं नाही.