पानं किती मांडायची?

कुलूप टाळायचं असेल तर ज्याला त्याला स्वतंत्र कप्पा द्यावा, हा सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगमधला जुना तोडगा. मेमरी वाटणारा अॅलोकेटर असो, काउंटर असोत की ट्रेसिंगचे बफर, प्रत्येक प्रोसेसर-कोरचा कप्पा वेगळा ठेवला की एकाच जागेवर दोन थ्रेड झोंबत नाहीत. कोर चार-आठ होते तोवर या सोयीची किंमत कुणी मोजली नाही. आता एएमडीच्या एपिक ९७५४ या एकाच चिपमध्ये १२८ कोर आणि २५६ हार्डवेअर थ्रेड असतात. अशा दोन चिपा लावलेल्या सर्व्हरवर लिनक्सला ५१२ प्रोसेसर दिसतात. समजा एका कप्प्याला एक एमबी लागते. मग चार थ्रेडच्या छोट्या प्रोसेसने कोरनिहाय कप्पे भरायचे ठरवले, तर अर्धा जीबी नुसता साठवणीत जाईल. कंटेनरचं सगळं गणित एका यंत्रावर शंभर प्रोसेस दाटीवाटीनं बसवण्याचं असतं आणि तिथंच ही उधळपट्टी बोचते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. लिनक्समध्ये हात लागल्याशिवाय मेमरीचं खरं पान मिळत नाही, तेव्हा न वापरलेले कप्पे फुकटच पडतात, नाही का? अर्धं खरं. सीपीयूसेट लावून कंटेनरला चारच कोर नेमून दिले असतील, तर उरलेल्या कप्प्यांना बहुधा कुणी शिवतही नाही. पण कुबरनेटिसमध्ये सीपीयूची मर्यादा सहसा वेळेच्या कोट्यानं घातली जाते, कोर नेमून देऊन नव्हे. थ्रेडना यंत्रभर फिरायची मुभा असते. शेड्युलर आत्ता एकाला १७ क्रमांकाच्या प्रोसेसरवर, थोड्या वेळानं ३०३ वर नेतो. फिरता फिरता हे चार थ्रेड शेकडो कप्प्यांना हात लावून येतात, आणि प्रत्येक कप्प्यात थोडी मेमरी अडकवून ठेवतात. ती परत येईल की नाही, हे अॅलोकेटरच्या लहरीवर.

मग कप्पे थ्रेडनिहाय करावेत, असं कुणी सुचवेल. पण शेकडो थ्रेडचा पूल ठेवणारे प्रोग्रॅम आहेतच आणि त्यातले बहुतेक थ्रेड कशाची तरी वाट पाहत निजलेले असतात. लिनक्सवरच्या जीलिबसी या सी-लायब्ररीच्या मॅलॉकनं मधला मार्ग धरला. ६४-बिट यंत्रावर तो अरीनांची, म्हणजे त्याच्या कप्प्यांची, कमाल संख्या कोरच्या आठपट धरतो. मोठ्या सर्व्हरवर हाच आकडा हजारांत जातो, म्हणून मेमरीच्या तंगीत ‘मॅलॉक अरीना मॅक्स’ हा पर्यावरण-चल हातानं बसवावा लागतो.

पंगतीत पानं मांडायची ती बसलेल्या माणसांची. कार्यालयाच्या क्षमतेची नाहीत आणि पत्रिका दिलेल्यांचीही नाहीत. कप्पे लागतात ते या क्षणी एकदम धावणाऱ्या थ्रेडइतके. ही संख्या शेड्युलरला कायम ठाऊक असते, युजरस्पेसला नसते. म्हणून प्रश्नाचं उत्तर कर्नलमध्येच शोधायला हवं, असं माझं म्हणणं.

लिनक्सनं हे केलं आहे. २०१८ मध्ये ४.१८ आवृत्तीत आलेल्या ‘रीस्टार्टेबल सिक्वेन्सेस’ या सुविधेनं, कुलूप न लावता आपल्या कप्प्यावर काम करायची वाट मोकळी केली. मध्येच थ्रेड हटवला गेला तर तो छोटा टप्पा पुन्हा सुरुवातीपासून. तिचे कर्ते मॅथ्यू डेन्वाये यांनी पुढे २०२३ च्या ६.३ मध्ये एक आभासी प्रोसेसर क्रमांक जोडला. एका प्रोसेसच्या एकाच वेळी धावणाऱ्या दोन थ्रेडना तो कधी सारखा मिळत नाही, आणि शून्यापासून दाट चढत जातो. थ्रेडची संख्या आणि परवानगी असलेल्या कोरची संख्या, यांतली जी लहान तिच्याखालीच तो राहतो. गूगलच्या टीसीमॅलॉकसारख्या अॅलोकेटरला खऱ्या कोरक्रमांकाऐवजी असला क्रमांक वापरता येतो. थ्रेड ३०३ वर पळत असला तरी कप्पा उघडतो तिसराच.

किंमत द्यावी लागतेच. पहिल्या रूपात क्रमांकवाटपाचं कुलूप संदर्भबदलाच्या वाटेवर होतं आणि डेटाबेसच्या कसोटीत गती घसरली. दुरुस्ती ६.४ मध्ये आली: क्रमांक लगेच परत न घेता कोरजवळ राखायचे, आणि वापरात नसलेले सुमारे १०० मिलिसेकंदांच्या कालावधीनंतर काढून घ्यायचे. दाटपणा त्यामुळे थोडा ढिला झाला, तरी हा सौदा मला मान्य आहे. शेड्युलर मंदावून मेमरी वाचवणं हे घराचं छप्पर काढून सरपण करण्यासारखं झालं असतं. जागेचा प्रश्न जास्त कठीण आहे. एकाच क्रमांकाचा कप्पा एका सॉकेटवरून दुसऱ्या सॉकेटवरच्या थ्रेडच्या हाती पडला, तर मेमरी लांबची ठरते आणि प्रत्येक वाचनाला वेळ लागतो. ६.३ पासून थ्रेड ज्या मेमरी-नोडवर धावतो त्याचा क्रमांकही वाचायला मिळतो, म्हणून नोडनिहाय कप्पे मांडता येतात, पण ते काम वापरणाऱ्यालाच करावं लागतं.

सगळ्यांत टोकदार आक्षेप कोट्याचा आहे, आणि तो मी पूर्ण खोडू शकत नाही. दर १०० मिलिसेकंदांत २०० मिलिसेकंदांचा कोटा, म्हणजे कागदावर दोन कोर. पण दोनशे थ्रेड असलेली प्रोसेस शंभर कोरवर एकदम धावून दोन मिलिसेकंदांत तो कोटा संपवू शकते. तेवढ्या क्षणापुरते धावणारे थ्रेड खरोखरच शंभर होते, तेव्हा आभासी क्रमांकही शंभरपर्यंत चढतो. दोष क्रमांकाचा नाही. कोटा वेळ मोजतो, गर्दी मोजत नाही. तिथं थ्रेडची संख्याच आवरावी लागते. गो भाषेच्या १.२५ आवृत्तीनं कंटेनरच्या सीपीयू-मर्यादेकडे पाहून धावत्या थ्रेडची संख्या ठरवायला सुरुवात केली, ती याच कारणासाठी. शिवाय हा क्रमांक एका प्रोसेसपुरता आहे. अनेक प्रोसेस मिळून वापरतात त्या सामायिक मेमरीतल्या ट्रेसिंग बफरना त्याचा उपयोग नाही, त्यांच्यासाठी वाटप कंटेनरच्या पातळीवर व्हायला हवं. त्यामुळे अॅलोकेटर निवडताना त्याचे कप्पे कशाच्या हिशेबानं वाढतात, कोरच्या, थ्रेडच्या की एकदम धावणाऱ्यांच्या, हे मी त्याच्या बेंचमार्कच्या आधी विचारतो.