शिल्लक

व्यापाऱ्याच्या घरात ‘शिल्लक’ हा शब्द मोठ्या मानाचा आहे. दिवसभराची देवघेव संपावी, रोजमेळ लिहून व्हावा आणि पेटीतील रोकड वहीशी जुळावी, म्हणजे दुकानाचे दार ओढताना मनाला स्वस्थता लाभते. दिवाळीच्या वहीपूजनानंतर मागील वर्षाची शिल्लक नव्या वहीत पुढे ओढली जाते, ती याच समाधानाने. तोच शब्द स्वयंपाकघरात आला की त्याचा अर्थ पार बदलतो. पातेल्यातला वाटीभर भात, डब्यातले दोन फुलके, तळाशी राहिलेले वरण यांना उद्याच्या खात्यात ओढता येत नाही. जैन घरात तर मुळीच नाही.

आपल्या आचारात पाण्याचा अंश असलेले शिजवलेले अन्न रात्र ओलांडताच वासी ठरते. फुलके, भात, वरण, भाजी, शिरा ही सारी त्यात आली. जीवोत्पत्तीच्या संभवामुळे ते अभक्ष्य मानले आहे. ताटातील उष्ट्याचा नियम याहून कडक. दोन घडी, म्हणजे 48 मिनिटे उलटल्यावर त्यात संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. थाळी धुऊन ते पाणी पिऊन टाकण्याची जुनी रीत त्यातूनच आली. आम्नायाप्रमाणे मर्यादांत थोडाफार फरक असेल, पण हेतू एकच आहे.

ही झाली एक बाजू. दुसऱ्या बाजूस आरंभाचा विचार आहे. एक वाटी तांदूळ शिजवायचा तर पाणी, अग्नी आणि धान्य या तिहींच्या ठायी हिंसा घडते. देहाच्या निर्वाहासाठी होणारा हा आरंभ गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही. परंतु जे अन्न कोणाच्याच मुखात गेले नाही, त्यासाठी झालेल्या आरंभाचे प्रयोजन काय? निष्प्रयोजन हिंसेला आपल्याकडे अनर्थदंड म्हणतात आणि त्याच्या प्रकारांत प्रमादचर्या, म्हणजे बेफिकिरीने केलेला व्यवहार, स्पष्टपणे गणला आहे. म्हणजे उरलेले ठेवले तर एक दोष, टाकले तर दुसरा. या दोहोंच्या मधली वाट फार अरुंद आहे आणि लहान कुटुंबाला तर रोज तिच्यावरूनच चालावे लागते.

एकत्र कुटुंबात हा प्रश्न फारसा पडत नसे. आमच्या भुसारच्या दुकानामागेच घर होते आणि पंगतीला चौदा माणसे असत. चार फुलके अधिक झाले तर ते कोणाच्या पानात गेले, हे कळतही नसे. दुकानातला हमाल, वाट वाकडी करून आलेला आडतिया, शाळेतून परतलेली मुले यांपैकी कोणीतरी खाणारा हजर असेच. आता मुले पुण्याबाहेर स्थिरावली, भाऊबंद वेगळे झाले आणि घरात आम्ही दोघेच उरलो. अशी घरे आज आपल्या समाजात घरोघरी दिसतात. माणसे कमी झाली, पण पातेली तीच राहिली. हाताला चौदा माणसांच्या मुठीची सवय असते आणि तोंडे मात्र दोन.

यावर नव्या पिढीचे उत्तर तयार असते : फ्रिजमध्ये ठेवा. भाजी, फळे, दूध यांसाठी फ्रिजचा उपयोग कोणी नाकारणार नाही. पण शिजवलेल्या अन्नाच्या बाबतीत तो निर्णय पुढे ढकलण्याचे साधन होऊन बसतो. थंडीने अन्न नासण्याची गती मंदावते, थांबत नाही, आणि वासीची मर्यादा तर थंडीने एका रात्रीनेही वाढत नाही. ज्या घरात ही मर्यादा पाळत नाहीत तिथेही पुष्कळदा असेच घडते, की आज झाकून ठेवलेली वाटी चौथ्या दिवशी बाहेर निघते आणि तशीच मोरीकडे जाते.

दुसरे उत्तर याहून जुने आहे आणि त्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. उरलेले अन्न घरातली स्त्री संपवते. माझ्या सासूबाई सर्वांत शेवटी जेवायला बसत आणि पातेली समोर घेऊनच बसत. भूक भागली तरी भांडे रिकामे होईपर्यंत त्यांचा हात थांबत नसे. “टाकायचे का? जिवावर येते गं,” असे म्हणत त्या शेवटचा घास घेत. पुढे त्यांना मधुमेह जडला. डॉक्टरांनी दिवसभराचा आहार विचारला तेव्हा त्यांनी सांगितले, “दोन फुलके आणि थोडा भात.” त्यात एका अक्षराचेही असत्य नव्हते. पानात वाढून घेतलेले तेवढेच होते. पातेल्यातून पुसून खाल्लेले त्यांच्या लेखी जेवणच नव्हते. आम्हां कोणाच्याही लेखी नव्हते. चौदा माणसांच्या ताटांचा हिशेब चोख ठेवणाऱ्या त्या घरात एका ताटाचा हिशेब कधी मांडलाच गेला नाही.

शास्त्रात पुरुषाचा पूर्ण आहार 32 कवळांचा आणि स्त्रीचा 28 कवळांचा सांगितला आहे आणि त्याहून कमी घेणे, म्हणजे उणोदरी, हे बाह्य तपांपैकी एक मानले आहे. पोट भरल्यानंतर केवळ टाकवत नाही म्हणून घेतलेला एकोणतिसावा कवळ हा तपाच्या नेमका उलट दिशेने जातो. अन्न कचऱ्यात गेले काय किंवा नको असलेल्या देहात गेले काय, वाया ते दोन्हीकडे जाते. दुसऱ्या ठिकाणी ते दिसत नाही, एवढेच. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की उरलेल्या अन्नाचा विचार घरातल्या बाईच्या पोटावर सोपवून मोकळे होऊ नये. तो स्वयंपाकाच्या आधी, मापाच्या वाटीजवळ झाला पाहिजे आणि घरातल्या सर्वांनी मिळून केला पाहिजे.

यासाठी लागणारी व्यवस्था आपल्या आचारात आधीच आहे. आदल्या संध्याकाळी प्रतिक्रमणानंतर आमच्या घरी एक प्रश्न ठरलेला असतो : “उद्या काय पच्चक्खाण?” यजमानांचे एकासणे, माझे बियासणे, चतुर्दशीचा उपवास, ओळीतले आयंबिल हे सारे उद्याच्या स्वयंपाकाचे माप आहे. दुकानात मागणीची चिठ्ठी हाती आल्यावाचून आपण माल काढत नाही. पच्चक्खाण ही घरची तशीच चिठ्ठी होय. ते सकाळी, चूल पेटल्यावर सांगितले तर धर्म होतो, पण माप चुकलेले असते.

तिथीचेही तसेच. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असेल तर सप्तमीला आणि त्रयोदशीला मंडईतून पिशवी भरून आणण्यात अर्थ नसतो. पर्युषणाच्या आधीचे चार दिवस तर घरातली भाजी संपवण्याचेच असतात. आमच्याकडे भाजीची यादी पंचांग पाहून होते. मेथी-कोथिंबिरीसारख्या लवकर कोमेजणाऱ्या भाज्या आधी, दुधी-दोडका नंतर. भुसारच्या गोदामात जुनी पोती पुढे आणि नवी मागे लावतात, तोच हा नियम.

मापाविषयी थोडे नेमके सांगते. दोन मध्यम आहाराच्या माणसांना सकाळच्या जेवणात फुलक्यांबरोबर पाऊण वाटी तांदूळ पुरतो, कारण शिजल्यावर तो अडीच-तीन पट होतो. तुरीची डाळ अर्धी वाटी घेतली तरी वरण पुरेसे होते. कणीक भिजवण्यापूर्वी प्रत्येकाला फुलक्यांची संख्या विचारावी. विचारण्यात संकोच वाटतो, कारण मोजून वाढणे आपल्याकडे कृपणपणाचे लक्षण समजतात. परंतु मोजून शिजवणे आणि मोजून वाढणे यांत अंतर आहे. शिजवताना वाटी हातात असावी, वाढताना नसावी.

इतके करूनही काही उरतेच. तेव्हा सूर्यास्त ही आपली अंतिम मुदत. पुण्यात ती नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या सुमारास येते, तर आषाढात सव्वासातच्या आसपास. दुपारी तीन वाजता डबे उघडून पाहण्याचा नेम ठेवला तर संध्याकाळचे जेवण उरलेल्यातूनच उभे राहते. फुलके कुस्करून मोहरी-हिंगाच्या फोडणीवर परतावेत, किंवा तूप-गूळ घालून लाडू वळावेत. भातात ज्वारीचे पीठ, तीळ आणि हिरवी मिरची घालून थालीपीठ लावावे. वरण कणकेत मुरवून थेपले करावेत. त्यांत डाळ असल्याने द्विदलाचा दोष टाळण्यासाठी सोबत कच्चे दही घेऊ नये, हे आपल्या वाचक भगिनींना सांगायला नकोच. दहीभाताच्या फोडणीत उडदाची डाळ टाळावी, तीही याचसाठी. दोडक्याच्या शिरा तिळाबरोबर परतून चटणी होते, कोथिंबिरीचे कोवळे देठ वरणात जातात. फुलके अधिकच असतील तर मंद आचेवर दाबून, ओलाव्याचा अंशही न ठेवता, दिवस मावळण्यापूर्वी खाखरे करून घ्यावेत. खाखऱ्याची कालमर्यादा आमच्या परंपरेत चातुर्मासात 15, हिवाळ्यात 30 आणि उन्हाळ्यात 20 दिवस अशी धरतात. डब्यावर तारीख लिहिलेली असावी.

कामाला येणाऱ्या बाईला द्यायचे अन्न आम्ही जेवायला बसण्यापूर्वी, गरम असतानाच वेगळे काढतो. आपले जेवण झाल्यावर उरले ते देणे आणि आधी बाजूला काढून देणे यांत वस्तू तीच असली तरी भाव निराळा असतो आणि घेणाऱ्याला तो बरोबर कळतो.

मोजून रांधण्याच्या आड खरी येते ती एक भीती : कमी पडले तर? व्यापारी घराची अब्रू पाहुण्याच्या पानात असते, असे आपण मानत आलो. ती भीती खोटी नाही. पण तिच्यापोटी रोज दोन माणसांचे अधिक रांधणे म्हणजे न आलेल्या गिऱ्हाइकासाठी माल फोडून ठेवणे होय. त्याऐवजी कोरडा साठा सिद्ध ठेवावा : खाखरे, पापड, पोहे, रवा, कुरमुरे. पाहुणा दारात आल्यावर पाव तासात गरम उपमा पुढे येतो आणि तो शिळोप्याच्या भातापेक्षा अधिक आदराचा असतो.

“महाराजसाहेब गोचरीला आले तर?” असेही कारण सांगितले जाते. साधू-साध्वींसाठी म्हणून अधिक रांधलेले अन्न त्यांना कल्पतच नाही. भ्रमराने फुलाला पीडा न देता थोडा थोडा मध घ्यावा, तसे ते अनेक घरांतून, गृहस्थाने स्वतःसाठी केलेल्यातले थोडे घेतात. आपल्या वाट्याचे दोन फुलके त्यांच्या पात्रात गेले तर त्या दिवशी आपली उणोदरी घडते. सुपात्रदानाचे मोल त्या कमी झालेल्या दोन फुलक्यांत आहे. आधीच वाढवून ठेवलेल्या चार फुलक्यांत ते नाही.

दोन माणसांच्या घरातून असे जाऊन जाऊन किती जाणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 साली जगभरात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यांतील सुमारे 60 टक्के घरांमधून गेले. भारतीय घरांसाठी दिलेला अंदाज दरडोई वर्षाला 55 किलोंचा आहे. त्यात साली-बियांसारखे अखाद्य भागही मोजले आहेत, हे खरे. तरीही दोघांच्या घराचा आकडा 110 किलो होतो, म्हणजे क्विंटलाहून अधिक. दुकानात क्विंटलभर घट आली असती तर आपण गप्प बसलो असतो का?

म्हणून येत्या चातुर्मासासाठी एक लहानसा नियम सुचवावासा वाटतो. स्वयंपाकघरातल्या पंचांगावर रोज सूर्यास्ताच्या वेळी, काय उरले आणि त्याचे काय झाले, एवढेच लिहावे. महिन्याच्या अखेरीस कोणता पदार्थ वारंवार दिसतो ते पाहावे आणि त्याचे माप उतरवावे. आमच्याकडे भाताचे माप वाटीवरून पाऊण वाटीवर आले ते याच नोंदींमुळे. ती नोंद यजमान लिहितात. रोजमेळ लिहिण्याचा हात त्यांचा आहे. आणि काय उरले हे लिहिणाऱ्याला ते कोणी खाऊन संपवले, हेही आपोआप विचारावे लागते.