अम्मींची पिशवी

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलांना राजधानी दाखवायला नेले. फजरची नमाज अदा करून कर्जतहून लोकल धरली. अम्मींनी कागदांची पिशवी बरोबर घेतली. रेशनकार्ड, आधार, अब्बांचा शाळेचा दाखला. "सरकारी इमारती पाहायच्या ना? कुणी विचारलं तर?" आम्ही हसलो, पण पिशवी घरी ठेवा असे म्हणवले नाही.

हुतात्मा चौकात मुलांना १ मे १९६० चा अर्थ सांगितला. उच्च न्यायालयाची १८७८ ची दगडी इमारत पाहिली. बद्रुद्दीन तय्यबजी १८९५ मध्ये याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मंत्रालयावरून विधान भवनासमोर आलो. १९८१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले तेव्हा मुख्यमंत्री होते आंबेतचे बॅरिस्टर अंतुले. "म्हणजे आपल्या रायगडचे?" धाकटी चमकली. आम्ही मान डोलावली.

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर डबा उघडला. "कुणीच काही विचारलं नाही, बेटा," अम्मी म्हणाल्या आणि तीच पिशवी अंथरून तिच्यावर रोट्या मांडल्या.

कागद जपायलाच हवेत. पण मुलांनी या इमारती भीती शिकण्याआधी पाहाव्यात, एवढेच आम्हाला वाटते.