काला पत्थरच्या थोडं खाली

मे महिन्यात गावी परतलो तर शिरपूरच्या बस स्टँडजवळ माझा फ्लेक्स लागलेला. ‘माउंट एव्हरेस्ट सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुक म्हणून सतरा जणांचे फोटो.

मी एव्हरेस्ट चढलो नव्हतो. मी काला पत्थरवर गेलो होतो. तोही पूर्ण चढलो नाही.

जायच्या आधी बाबांना नाव सांगितलं, तर म्हणाले, “अमिताभचा का?” मग म्हणाले, “त्या दगडावर जाऊन भेटते काय?” तेव्हा उत्तर नव्हतं.

काला पत्थर साडेपाच हजार मीटरच्या वर आहे, पण मागे 7,161 मीटरचा पुमोरी उभा असल्यामुळे दिसतो टेकाडासारखा. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही, मध्ये डोंगराचा खांदा येतो. ते बघायला लोक इथे चढतात. आम्ही 5,164 मीटरवरच्या गोरकशेपहून पहाटे चारला निघालो. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. दहा पावलं टाकायची, थांबायचं, परत दहा पावलं. बाटलीतलं पाणी गोठलं होतं.

उजाडलं आणि खाली खुंबू हिमनदी दिसली. हिमनदी म्हटल्यावर माझ्या डोक्यात पांढरंशुभ्र काहीतरी होतं. खाली होती खडीची खाण! राखाडी दगडमातीचे ढिगारे, मधे मधे हिरवट-निळी डबकी. बर्फ त्या दगडांच्या खाली असतो. दगडांचा थर जाड असेल तर तो बर्फाला उन्हापासून वाचवतो, पातळ असेल तर स्वतः तापतो आणि बर्फ उलट लवकर वितळवतो. पांढरी होती ती फक्त वरच्या अंगाला, जिथे ती कड्यावरून तुटत, फुटत खाली येते. आधी मी चक्क नाराज झालो. मग नजर हटेना. एवढा मोठा डोंगरउतार निमूट सरकतोय, आणि आपल्याला ते दिसत नाही.

शेवटचा टप्पा नुसत्या काळ्या धोंड्यांचा. काठ्या ठेवायच्या आणि हातापायांनी चढायचं. हे मला येत होतं. आमच्या शेतातल्या विहिरीत दगडांच्या खाचांतून उतरायला बाबांनीच शिकवलं होतं: दोन हात, दोन पाय, तीन टेकलेले असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही.

चार-पाच धोंडे गेले. मग डावा हात एका दगडावर ठेवला आणि तो दुसऱ्याच दगडावर पडला. हात दिसत होता, पण माझा वाटत नव्हता. डोकं रात्रीपासून ठणकत होतं, ते मी गाइडला सांगितलं नव्हतं. त्याने गावाचं नाव विचारलं. मला आठवायला वेळ लागला. “बस. नीचे,” तो म्हणाला. वर पताका फडफडत होत्या, हाकेच्या अंतरावर. मी भांडलो, रडलोही. त्याने तिथेच माझा एक फोटो काढला. पताका डोक्यामागे नीट आल्या.

तोच फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. खाली फक्त ‘काला पत्थर’ लिहिलं. खोटं एक अक्षर नव्हतं. बाकीचं गावाने केलं, आणि मी करू दिलं.

आमच्या शिरपूरचा अंतरिक्ष पार्श्वनाथ जमिनीला टेकत नाही, अशी श्रद्धा आहे. पूर्वी म्हणे मूर्तीखालून घोडेस्वार जायचा, आता जेमतेम कापड सरकतं. 1981पासून देऊळ कुलपात होतं, ते 2023मध्ये उघडलं. लहानपणापासून त्या फटीबद्दल ऐकत आलो. माझ्या आणि शिखराच्या मधल्या फटीबद्दल मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं.

फ्लेक्सखालून जाताना एकदा बाबांनी गाडी थांबवली.

“पार वर गेला होता का तू?”

“नाही. थोडं राहिलं.”

“किती?”

“आपल्या विहिरीएवढं असेल.”

ते थोडा वेळ फ्लेक्सकडे बघत राहिले. “तीन टेकले होते ना?”

“नाही, बाबा. म्हणूनच उतरलो.”

त्यांनी गाडीला किक मारली. मृगाच्या आधी फ्लेक्स उतरवायला ते स्वतः गेले. आता तो आमच्या गोठ्यात कुटारावर झाकलाय, छापलेली बाजू खाली करून.