सावलीचा हिशेब

माहेरी जायचं म्हटलं की आमचे हे दरवेळी विचारतात, "पुन्हा साक्री? अहो, आहे काय तिथे बघण्यासारखं?" मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर बघण्यासारखं काही नाही म्हणूनच मला तिथे जावंसं वाटतं. माळ, वारा, आणि आईच्या हातची कळण्याची भाकरी. एवढ्यासाठी नाशिकहून एस.टी.त बसायचं, सटाणा आणि ताहाराबाद मागे टाकायचं, पिंपळनेरला उतरून चहा घ्यायचा आणि पुढच्या गाडीची वाट बघायची. डाव्या हाताला सह्याद्रीची शेवटची टेकाडं पळत असतात. लांबवर ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या दिसल्या की समजायचं, माहेर आलं.

गेल्या वर्षी डिसेंबर अखेरीस गेले. खानदेशात हे दिवस भरिताचे. शेतात काट्याकुट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, बडग्याने ठेचायची आणि कळण्याच्या पुरीबरोबर हाणायची. उंबऱ्यात पाऊल ठेवलं, तर नेहमीसारखी शेजारची आजी ओरडली, "उनी का व माय!" पण घरात मात्र भरिताचा विषयच नव्हता. आई कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेली. दादा गप्प. वहिनी चुलीपाशी उगाच भांडी आपटत होती.

"काय झालं ग वहिनी?"

"काही नाही ताई. तुमचा दादा आंबा तोडायला निघालाय."

वहिनीने मग सगळं सांगितलं. आमचा एक माळ आहे, टेकाडाच्या दक्षिण उतारावर. चार हेक्टर. कुळीथसुद्धा धड येत नाही तिथे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत अशी पडीक जमीन सौर प्रकल्पासाठी भाड्याने देता येते. २०२३ साली योजनेचा दुसरा टप्पा आला, त्यात भाडं ठरलं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. म्हणजे आमच्या माळाचे पाच लाख! शिवाय त्या प्रकल्पाची वीज जवळच्या उपकेंद्रात जाऊन शेतीच्या मोटारींना दिवसा मिळणार.

दिवसाची वीज म्हणजे काय, हे शहरात राहून कळत नाही. शेतीला आठवड्यातले काही दिवस दिवसा वीज, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की दादा बारा वाजता बॅटरी घेऊन पाणी भरायला जातो. थंडीत पाय बधिर होतात, पाटात साप असतो, अलीकडे बिबट्याही फिरतो. "ताई, हे घरी येईपर्यंत मी डोळा मिटत नाही. पंधरा वर्षं झाली," वहिनी म्हणाली. मी काय बोलणार?

आता अडचण आंब्याची. माळाच्या पायथ्याला, दक्षिणेच्या बांधावर, विहिरीजवळ आईने लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कोय लावली होती. तो आंबा आज सव्वीस फूट उंच आहे. माझ्या दोन्ही बाळंतपणांची कैरी त्याच झाडाची. प्रकल्पाच्या लोकांनी खुंट्या ठोकल्या आणि सांगून टाकलं, "झाडाची सावली प्लेटांवर येणार. झाड काढा." दादाला पाच लाख दिसत होते, वहिनीला रात्रीची झोप, आणि आईला फक्त आंबा.

मला मात्र राग आला तो सावलीच्या बोलण्याचा. एवढा चार हेक्टरांचा माळ, त्यात एका झाडाची सावली ती किती? चार प्लेटांवर ऊन नाही पडलं तर चार प्लेटांची वीज कमी येईल, एवढंच ना?

दुसऱ्या दिवशी मोजणीसाठी एक मुलगी आली. इंजिनियर. जेमतेम पंचवीस-सव्विशीची, डोक्याला रुमाल, पायात बूट. मी माझा प्रश्न तिच्यावर फेकला. ती हसली आणि म्हणाली, "काकू, तुमच्या अंगणातच दाखवते."

अंगणात पत्र्यावर वहिनीची छोटी सोलर प्लेट आहे, दिव्यासाठी. वहिनीची दोन वर्षांची तक्रार, की दिवा रात्री नऊलाच मान टाकतो. मुलीने वर बघितलं. धुण्याच्या दोरीवर वहिनीचं लुगडं वाळत होतं आणि त्याचा काठ प्लेटच्या खालच्या कडेवर चार बोटं लोंबत होता. तिने मीटर लावला, आकडा दाखवला, मग काठ उचलला. आकडा टुणकन वर! पुन्हा काठ सोडला, पुन्हा खाली. झाकली होती जेमतेम चार बोटं, पण वीज गेली होती निम्म्याहून अधिक.

"असं कसं ग?"

"दिवाळीची दिव्यांची माळ असते ना, जुनी, एकामागे एक जोडलेली? एक दिवा गेला की सगळी माळ बंद. प्लेटमधल्या निळ्या चौकटी तशाच एकामागे एक जोडलेल्या असतात. एकीवर सावली आली की तिच्यातून वीज कमी वाहते आणि बाकीच्यांनाही तेवढ्यावरच थांबावं लागतं. शिवाय ती झाकलेली चौकट तापते, कधी जळतेही."

मोठ्या प्लेटांना यावर उपाय असतो म्हणे. प्लेटचे तीन भाग करून प्रत्येकाला एक आडवाट ठेवतात. एका भागावर सावली आली तर वीज त्याला वळसा घालून जाते. पण मग तो तिसरा हिस्सा गेलाच. आणि प्लेट उभी बसवली असेल आणि खालची कड सगळीच सावलीत गेली, तर तिन्ही भाग एकदम गळतात. आडवी बसवली तर एकच जातो. हल्लीच्या प्लेटांत चौकटी अर्ध्या कापून वरचा आणि खालचा असे दोन अर्धे वेगळे जोडतात, म्हणजे खालचा झाकला तरी वरचा चालतो. मला तर आमच्या लहानपणीचं वाळवण आठवलं. बिबडे घातले की आई आम्हाला सावली राखायला बसवायची. भिंतीची सावली सरकत आली की बाजा ओढायच्या. प्लेटा ओढता येत नाहीत, म्हणून जागाच आधी हिशेबाने ठरवायची.

मग आम्ही सगळ्या माळावर गेलो. आईसुद्धा काठी टेकत आली. मुलीने एक काठी रोवली आणि सांगितलं, "आजी, हिशेब नेहमी डिसेंबरचा धरायचा. मे महिन्यात सूर्य डोक्यावर. मे अखेरीस आणि जुलैच्या मध्यास तर आपल्याकडे भर दुपारी सावलीच पडत नाही. पण २१-२२ डिसेंबरला दुपारी साडेबारालासुद्धा सूर्य अर्ध्यावरच असतो, काठीएवढीच सावली पडते. सकाळी साडेनऊला तर जवळजवळ दुप्पट, आणि तीही तिरकी." प्रकल्पवाले म्हणे सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन एवढा वेळ प्लेटांवर सावली नको, असा नियम धरतात. खरी कमाई तेवढ्याच वेळात होते.

इथे उताराची गंमत कळली. एक ओळ पुढच्या ओळीवर सावली टाकते, म्हणून दोन ओळींत अंतर ठेवायचं. प्लेटेची मागची कड पुढच्या कडेपेक्षा एक मीटर उंच असेल, तर आमच्या भागात सपाट जमिनीवर १.३ मीटर अंतर लागतं. पण जमीन दक्षिणेला दहा अंश उतरत असेल, म्हणजे दहा फूट चाललं की पावणेदोन फूट खाली, तर मागची ओळ आपोआप उंचावर येते आणि जेमतेम १.०६ मीटर पुरतं. तोच उतार उत्तरेकडे असेल तर मागची ओळ खड्ड्यात जाते, सावली लांबत जाते, आणि अंतर १.७ मीटर लागतं. जमीन तेवढीच, पण ओळी बसतात कमी. सूर्याबरोबर फिरणाऱ्या प्लेटांना तर उतार आणखी नडतो. सावली टाळायला त्या सकाळ-संध्याकाळ थोड्या मागे वळवतात, ते गणित सपाट जमिनीचं होतं. उतारासाठी ते सुधारून अमेरिकेतल्या सरकारी प्रयोगशाळेने २०२० साली प्रसिद्ध केलं, असं मुलीने सांगितलं.

"मग आमच्या आंब्याचं काय?" आईने एवढंच विचारलं.

मुलीने टेप काढली. झाड सव्वीस फूट. सपाट जमीन असती तर त्याची सावली उत्तरेकडे चौतीस फूट आत शिरली असती. पण आमचा माळ झाडापासून वर चढतो, म्हणून ती अठ्ठावीस फुटांतच थांबते. उत्तर उतार असता तर चव्वेचाळीस फूट! तिने खुंट्या मोजल्या. पहिल्या दोन ओळी तेवढ्या सावलीच्या पट्ट्यात येत होत्या.

"दोन ओळी मागे घेतल्या तर झाड राहील. पण आजी, झाड वाढलं तर सावलीही वाढेल. शेंडा छाटावा लागेल, दर वर्षी."

आई बराच वेळ झाडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "फांद्या काप. केस कापले म्हणून माणूस मरत नाही. बुंध्याला हात लावू नको."

दादाने दोन ओळींसाठी वरच्या अंगाची रिकामी पट्टी दाखवली, कागदोपत्री दोन महिने गेले, पण ते मान्य झालं.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. टेकाडाच्या पलीकडे, उत्तर उतारावर, आमच्या चुलतभावाचा माळ आहे. त्यानेही अर्ज केला होता. वाटणीच्या वेळी दोघांना सारखाच माळ मिळाला म्हणून सगळे समाधानी होते. उतार कुणीच मोजला नव्हता. प्रकल्पवाल्यांनी तो घेतला नाही. तो भरिताला आला, जेवला, आणि जाताना एवढंच म्हणाला, "वाटणी करताना सूर्याला बोलवायला हवं होतं." हसण्यावारी नेलं सगळ्यांनी, पण वहिनीने त्याच्या बायकोला डबा भरून दिला तो उगाच नाही.

यंदा डिसेंबरात पुन्हा गेले. माळावर निळ्या ओळी उताराने पायऱ्यांसारख्या चढलेल्या. सकाळी साडेनऊला मी आणि आई मुद्दाम जाऊन उभ्या राहिलो. आंब्याची सावली पसरत आली आणि पहिल्या ओळीच्या हातभर अलीकडे थांबली. आई काही बोलली नाही, फक्त पदर नीट केला. झाड जरा बुटकं दिसतं, पण मोहर धरायला लागलंय. आणि वहिनी? रात्री दहाला घोरत होती! दादा म्हणाला, "वर्षभराची झोप वसूल करतेय."

हो, तुमच्यापैकी कितीतरी जणी गच्चीवर सोलर बसवायच्या विचारात असतील. पी.एम. सूर्यघर योजना २०२४ साली सुरू झाली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरलं. घाई करू नका. आधी डिसेंबरातल्या एका दिवशी सकाळी साडेनऊला, साडेबाराला आणि साडेतीनला गच्चीवर जा आणि खडूने सावल्या आखा. पाण्याची टाकी, कठडा, जिन्याची खोली, शेजारची भिंत, सगळ्यांच्या. टाकी दक्षिणेला असेल तर उत्तरेला सरकवता येते का बघा. प्लेटा त्या खडूच्या रेघांबाहेर बसवायला सांगा. आणि धुण्याची दोरी? ती आधी हलवा. आमच्या वहिनीचा दिवा आता रात्री बारापर्यंत जळतो.